घेणारा मिंधा होऊ नये म्हणून

मराठीत ‘खैरात’ हा शब्द आज कुणी कौतुकाने वापरत नाही. निवडणूक जवळ आली की घोषणांची खैरात होते, निकालाच्या दिवशी गुणांची खैरात झाल्याची तक्रार होते आणि कुणी फार मागायला लागले की ‘इथे काय खैरात वाटायला बसलोय का’ असे सुनावले जाते. मूळ अरबीत ‘खैर’ म्हणजे भले, आणि ‘खैरात’ म्हणजे भल्याची कामे. एवढा चांगला शब्द आपल्याकडे येऊन असा घसरला, याचे कारण बहुधा दानाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत आहे. देणारा वरच्या पायरीवर, घेणारा खालच्या; एकाने टाकायचे, दुसऱ्याने झेलायचे आणि झेलून झाल्यावर जन्मभर मिंधे राहायचे, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. इस्लाममध्ये ऐच्छिक दानाला ‘सदका’ म्हणतात. त्याविषयी बोलताना देणाऱ्याचे औदार्य आणि त्याला मिळणारे पुण्य यांचीच चर्चा जास्त होते. पण कुराण, हदीस (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आणि पुढच्या काळातल्या प्रथा जवळून पाहिल्या, तर सदक्याच्या नियमांचा मोठा भाग घेणाऱ्याची काळजी करताना दिसतो. गरज भागावी आणि ती भागवून घेताना माणूस मिंधा होऊ नये, अशा दोन अटी सदका एकाच वेळी घालतो. त्याचे खरे मोल या दुसऱ्या अटीत आहे, असे मला वाटते.

आधी जकात आणि सदका यांतला फरक पाहायला हवा. मराठी माणसाला जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवतो. शब्द तोच, पण धर्मातली जकात येणाऱ्याजाणाऱ्या मालावर नसते, ती साठलेल्या संपत्तीवर असते. भारतीय उपखंडात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही तिची किमान मर्यादा मानतात. तेवढ्या किमतीची संपत्ती गरजा भागवून वर्षभर शिल्लक राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावाच लागतो. तो कुणाला द्यायचा याचे आठ गट सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत गोरगरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, गुलामगिरीतून सुटू पाहणारे आहेत, अडकून पडलेले वाटसरूही आहेत. सदक्याला मात्र दर नाही, मर्यादा नाही, ठरलेला दिवस नाही. दोन्ही शब्दांची थोडी सरमिसळ आहे, हे खरे. हे आठ गट सांगणाऱ्या आयतीत जकातीलाही ‘सदकात’ म्हटले आहे, आणि रमजान ईदच्या नमाजाआधी द्यायचा फित्रा नावाने सदका असला तरी ऐपत असणाऱ्याला बंधनकारक आहे. पण रूढ अर्थाने सदका म्हणजे कुणी मागितले नसताना, कायद्याने बांधले नसताना आपणहून दिलेले. या शब्दाचे मूळ ‘सिद्क’शी जोडलेले आहे, आणि सिद्क म्हणजे सच्चेपणा. पहिले खलिफा अबू बक्र यांना ‘सिद्दीक’ म्हणत, सादिक हे नाव आपल्या परिचयाचे आहे. सगळे एकाच घरातले शब्द. प्रेषित मुहंमदांनी सदक्याला पुरावा म्हटल्याची हदीस आहे. माणसाची श्रद्धा खरी आहे की तोंडदेखली, याचा तो पुरावा. जकात भरली की हिशेब मिटतो. शेजारच्या घरात आज चूल पेटली की नाही, हे पाहायला मात्र कोणताही हिशेब भाग पाडत नाही. तिथून पुढे सदका सुरू होतो.

कुराणात दानाविषयीचा सर्वांत सलग भाग सूरह बकरामध्ये, २६१व्या आयतीपासून पुढे येतो. सुरुवातीला शेतकऱ्याला सहज पटेल असा दृष्टान्त आहे. एक दाणा पेरला, त्याला सात कणसे लागली आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे भरले, तसे दान वाढते. एवढे आश्वासन दिल्यावर लगेच अट येते. दिल्यानंतर उपकार बोलून दाखवायचे नाहीत आणि घेणाऱ्याचे मन दुखवायचे नाही. तसे केले तर दान वाया गेले; खडकावर मातीचा पातळ थर असावा आणि पहिल्या पावसात तो धुऊन जाऊन उघडा खडक उरावा, तशी त्याची गत होते. दुखावणाऱ्या दानापेक्षा दोन गोड शब्द आणि क्षमा बरी, असेही तिथे सांगितले आहे. पुढची अट वस्तूविषयी आहे. जी आपल्याला कुणी दिली तर आपण नाक मुरडूनच घेऊ, अशी टाकाऊ वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही. मग येते ती गुप्ततेची बाब. उघड देणे चांगले आहे, पण गरिबाला झाकून देणे त्याहून चांगले. आणि शेवटी अशा गरजूंचे वर्णन येते जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत, ज्यांच्या वागण्यामुळे अनोळखी माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात, आणि ज्यांची अडचण ओळखायची तर चेहरा वाचावा लागतो. या साऱ्या अटी एका ओळीत मांडल्या की त्यांची दिशा कळते. किती दिले याचा उल्लेख जवळजवळ नाही. दिल्यानंतर समोरच्याच्या मनात काय उरले, याची विचारपूस मात्र पुन्हा पुन्हा आहे.

ही विचारपूस पुस्तकातच राहिली नाही. उस्मानी काळात इस्तंबूलच्या गल्ल्यांमध्ये, मशिदींजवळ पुरुषभर उंचीचे दगडी खांब उभे केले जात. त्यांना सदक्याचे दगड म्हणत आणि त्यांतले काही आजही शिल्लक आहेत. खांबाच्या माथ्यावर एक खळगा असे. देणारा हात वर करून त्यात नाणी ठेवून जाई. गरजवंत अंधार पडल्यावर येऊन तसाच हात वर करी आणि लागतील तेवढी नाणी काढून घेई. खळगा डोळ्यांच्या वर असल्यामुळे कुणाचा हात टाकतो आहे आणि कुणाचा काढतो आहे, हे लांबून कळत नसे. अकराव्या शतकातले थोर विचारवंत इमाम गझाली यांनी त्यांच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात याहून बारीक गोष्टी नोंदवल्या आहेत. काही जण पैसे गरिबाच्या हातावर ठेवत नसत. स्वतःचा तळवा पसरून त्यावर पैसे ठेवत आणि गरिबाने ते वरून उचलावेत असे पाहत, म्हणजे त्याचा हात वर राहावा. प्रेषितांच्या पत्नी आयेशा आणि उम्मे सलमा यांच्याविषयी गझाली सांगतात की, त्या कुणाकडे मदत पाठवत तेव्हा निरोप्याला म्हणत, तो काय दुवा देतो ते नीट लक्षात ठेव. निरोप्या परत आला की त्या तीच दुवा त्या गरिबासाठी करत. त्याने दुवेने फेड केली, आपणही दुवेने ती परत केली, आता सदका निखळ राहिला, असा त्यामागचा विचार. कृतज्ञतेचे एवढेसे देणेही घेणाऱ्याच्या नावावर राहू नये, इथपर्यंत ही काळजी गेलेली आहे.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर इस्लामच्या संपत्तीविषयक कल्पनेत आहे. श्रद्धावंतांचे वर्णन करताना कुराण दोन ठिकाणी सांगते की, त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. इथे ‘हक्क’ हाच शब्द आहे, जो मराठीत आपण रोज वापरतो. संपत्ती मुळात ईश्वराची आणि माणूस तिचा विश्वस्त, अशी ही धारणा आहे. ज्याचा हक्क आहे त्याला त्याचा वाटा पोचवताना पोचवणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नसते. पोस्टमनने मनिऑर्डरीबद्दल उपकार सांगावेत, तसे ते होईल. म्हणूनच सूरह इन्सानमध्ये गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांचा उल्लेख येतो, तेव्हा ते मोबदल्याची आणि आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत, हे आवर्जून सांगितले आहे.

देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंड मोडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे देणाऱ्यांचे दार सर्वांना उघडे करणे. समाजात काही जण कायमचे देणारे आणि काही कायमचे घेणारे राहिले, तर नियम कितीही नाजूक असोत, मिंधेपणा जात नाही. मदिनेतल्या काही गरीब सोबत्यांनी प्रेषितांकडे हीच खंत मांडली होती. श्रीमंत आमच्यासारखेच नमाज पढतात, आमच्यासारखेच रोजे ठेवतात, आणि वर उरलेल्या पैशातून दानही करतात. मग आम्ही मागेच राहणार का? प्रेषितांनी त्यांना सांगितले की सदका पैशापुरता नाही. ईश्वराचे स्मरण, चांगल्या कामाला लावणे, वाईटापासून परावृत्त करणे हाही सदका आहे. इतर हदीसांत ही यादी वाढत जाते. माणसाच्या अंगात ३६० सांधे आहेत आणि रोज प्रत्येक सांध्यापोटी सदका द्यायचा आहे. पण तो कसा, तर वाटेतला काटा किंवा धोंडा बाजूला करून, कुणाला सामान जनावरावर चढवायला हात लावून, गोड बोलून, हसतमुखाने भेटून. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तरी तो सदकाच. दानाचे आवाहन झाल्यावर काही सोबती बाजारात पाठीवर ओझी वाहायला जात आणि मिळालेल्या हमालीतून काही आणून देत. त्यांतल्या एकाने दोन-तीन किलो धान्य आणले, तेव्हा टवाळांनी खिल्ली उडवली की ईश्वराला याच्या पसाभर धान्याची काय गरज पडली आहे. ज्याने भरपूर आणले त्यालाही त्यांनी दिखाऊ ठरवले. सूरह तौबामध्ये या टवाळीचा कडक निषेध आहे. हमालाचे पसाभर धान्य श्रीमंताच्या राशीशेजारी त्याच मानाने ठेवले जाते, तेव्हा कालचा घेणारा आज देणारा होतो.

वैयक्तिक दानाला एक मर्यादा असते: देणारा गेला की ते थांबते. त्यावर इस्लामी परंपरेने ‘सदका-ए-जारिया’, म्हणजे वाहता राहणारा सदका, अशी कल्पना मांडली. विहीर, झाड, पाणपोई, शाळा असे ज्याचा लाभ माघारीही चालू राहतो ते दान. त्यातूनच वक्फची संस्था घडली. प्रेषितांचे सोबती हजरत उमर यांना खैबर इथे जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी विचारले तेव्हा प्रेषितांनी सल्ला दिला की मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. उमर यांनी तसे केले. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या सुटकेला, वाटसरूंना आणि पाहुण्यांना. ही पद्धत पुढे किती बारकाव्यांपर्यंत पोचली, ते मोरोक्कन प्रवासी इब्न बतूताने १३२६ साली दमास्कसमध्ये पाहिले. तिथे गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ होते, कैदी सोडवण्यासाठी होते, रस्ते दुरुस्त करण्यासाठीही होते. एकदा गल्लीत एका पोरसवद्या गुलामाच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. त्यांतला एक जण म्हणाला, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फच्या कारभाऱ्याकडे ने. पोराने तुकडे दाखवले आणि तशीच थाळी घेण्यापुरते पैसे त्याला मिळाले. नाहीतर मालकाने त्याला मारले असते किंवा बोल लावले असते, असे इब्न बतूता लिहितो आणि हा वक्फ म्हणजे मने सांधणारी गोष्ट आहे, असा अभिप्राय देतो. ज्याने ही तरतूद केली, त्याने भांडे फुटल्यावर गरिबाच्या पोटात उठणारा गोळा ओळखला होता. देणारा केव्हाच मातीआड गेलेला असल्यामुळे त्या पोराला कुणापुढे मिंधे व्हायचे कारणही उरले नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे सारे पुण्यासाठी चालते. एका दाण्याचे सातशे होणार म्हणून दिले, तर तो व्यापारच झाला. आक्षेप वरवरचा नाही. पण मोबदला कुणाकडून अपेक्षिला आहे, याकडे लक्ष द्यायला हवे. देणाऱ्या माणसाच्या मनात परतफेडीची आशा थोडीबहुत असतेच. आभार, मान, मत, चाकरी, काहीतरी हवे असते. ही आशा गरिबावरून उचलून ईश्वराकडे वळवली की गरीब त्या व्यवहारातून मोकळा होतो. देणाऱ्याचे येणे आता त्याच्याकडे उरत नाही. संत-सूफींनी पुण्याचीही आशा सोडावी असे सांगितले, आणि ते अधिक उंच आहे यात शंका नाही. मात्र सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत, त्याने फेड दुबळ्याकडून वसूल करू नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दानाने गरिबी हटत नाही, उलट ती पोसली जाते. मशिदी-दर्ग्यांबाहेरच्या भिकाऱ्यांच्या रांगा हेच दाखवतात. इथे परंपरा आणि व्यवहार यांत अंतर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंपरेत भीक मागण्याला उत्तेजन नाही. वरचा हात खालच्या हातापेक्षा चांगला, म्हणजे देता येईल असे जगा, अशी हदीस आहे. लाकडाची मोळी पाठीवर वाहून विकणे हे मागण्यापेक्षा बरे, अशीही आहे. मदत मागायला आलेल्या एका माणसाच्या घरातली घोंगडी आणि वाडगा प्रेषितांनी लिलावात विकून दिले, आलेल्या दोन दिरहमांपैकी एकाची कुऱ्हाड घ्यायला लावली आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले, ही कथाही प्रसिद्ध आहे. देणाऱ्यानेही स्वतः कफल्लक व्हायचे नाही. प्रेषितांचे सोबती सअद बिन अबी वक्कास यांना आपली दोन तृतीयांश संपत्ती दान करायची होती, तेव्हा एक तृतीयांशही पुष्कळ आहे, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावू नका, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा नाण्यांची उधळण करून सुटका करून घेणे हा सदक्याचा अर्थ नाही. पण याहून पुढे जाऊन म्हणायला हवे की, एकट्या सदक्याने गरिबी हटेल, असा दावा करणेच चूक आहे. रोजगार, शाळा, दवाखाने, न्याय्य कर ही कामे शासनाची आहेत आणि दानाचे कौतुक करून त्यांना या जबाबदारीतून सूट देता येणार नाही. व्यवस्था कितीही चांगली असली तरी तिच्या फटीतून काही माणसे निसटतात. त्यांच्यासाठी शेजाऱ्याचा हात लागतोच.

तिसरा आक्षेप आपल्या देशात जास्त ऐकू येतो: हे दान आपल्या माणसांपुरतेच ना? जकात मुस्लिम गरजूंनाच द्यावी, असे बहुसंख्य फकिहांचे (धर्मशास्त्रज्ञांचे) मत आहे, हे लपवण्याचे कारण नाही. सदक्याला मात्र ही मर्यादा नाही. सूरह इन्सानमधला कैदी पाहा. त्या काळात कैदी म्हणजे युद्धात हाती लागलेला, म्हणजे कालपर्यंत अंगावर चालून आलेला माणूस. अबू बक्र यांच्या कन्या अस्मा यांची आई मुस्लिम झालेली नव्हती. ती भेटायला आली तेव्हा तिच्याशी मायेने वागावे, असेच प्रेषितांनी सांगितले. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे पाप माफ झाले आणि प्रत्येक जिवंत प्राण्यावर केलेल्या उपकाराचे पुण्य आहे, हेही हदीसांत आहे. आधी घरचे, मग नातलग, मग शेजारी असा क्रम सांगितला जातो, पण तो जवळून दूर जाण्याचा क्रम आहे; त्यात दाराला कडी नाही. आपल्या देशातले उदाहरण म्हणून हुगळीचे हाजी मुहंमद मोहसिन पाहता येतील. १८०६ साली त्यांनी आपली मालमत्ता वक्फ केली. त्यांच्यानंतर विश्वस्तांनी घोळ घातला, सरकारने ताबा घेतला आणि साचलेल्या रकमेतून १८३६ साली हुगळीचे कॉलेज उघडले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय याच कॉलेजात शिकले. तिथले बहुतेक विद्यार्थी हिंदू होते. १८७३मध्ये हा निधी मुस्लिमांच्या शिक्षणाकडे वळवला गेला. मुंबईतही बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि देणग्यांवर शाळा उभ्या राहिल्या. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज १९३० साली सर मोहंमद युसूफ यांच्या देणगीतून सुरू झाले. मोहसिन फंडाच्या कथेतला विश्वस्तांचा घोळही विसरू नये. वक्फच्या कारभारात गैरव्यवहार झाले आहेत आणि होतात. त्यावर उपाय चोख हिशेब आणि कडक तपासणी हाच आहे. दुसऱ्याच्या हक्काचे राखायला बसलेल्या माणसाला त्याची हरकत असण्याचे कारण नाही.

हिशेबाच्या या मुद्द्यावरच शेवटचा आक्षेप उभा राहतो. आजच्या काळात गुप्तता कशी परवडेल? रमजानात शिधा वाटणाऱ्या संस्थेला देणगीदारांना काहीतरी दाखवावे लागते, उघड दिल्याने इतरांनाही स्फूर्ती मिळते, आणि पात्र-अपात्र तपासल्याशिवाय पैसे चोराच्या हाती जातील. उघड दान कुराणाने नाकारलेले नाही, हे वर आलेच आहे. पण धान्याच्या पोत्यांचा, बिलांचा, जमाखर्चाचा फोटो दाखवता येतो. पिशवी हातात धरून मान खाली घातलेल्या बाईचा चेहरा दाखवायची गरज त्यासाठी नाही. पात्रतेविषयी एक बोलकी हदीस आहे. एक माणूस रात्री गुपचूप सदका द्यायला निघाला. पहिल्या रात्री तो चोराच्या हाती पडला, दुसऱ्या रात्री वेश्येच्या आणि तिसऱ्या रात्री श्रीमंताच्या. लोक हसले. पण त्याला कळवण्यात आले की त्याचे दान वाया गेलेले नाही. कदाचित चोर चोरी सोडेल, कदाचित ती स्त्री आपला मार्ग सोडेल, कदाचित श्रीमंतालाही द्यायची बुद्धी होईल. संस्थेने चौकशी जरूर करावी. मात्र एका अपात्राला चुकून मिळू नये म्हणून दहा पात्रांची अब्रू चव्हाट्यावर मांडली, तर सदक्याचा जमाखर्च तोट्यातच जातो.

गझालींनी नोंदवलेला तो पसरलेला तळवा म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. पैसे तेवढेच, देणारा तोच, घेणाराही तोच. फक्त हात कुणाचा वर राहील, एवढे बदलले. त्याला जास्तीचा खर्च येत नाही आणि त्यासाठी मुस्लिम असण्याचीही गरज नाही. घरकाम करणाऱ्या बाईला मुलीच्या फीसाठी पैसे देताना, नातलगाची अडचण भागवताना, देणगीची पावती फाडताना हे प्रत्येकाला करता येईल. दिलेले पुन्हा कधी बोलून दाखवायचे नाही, चांगले असेल तेच द्यायचे, आणि समोरचा माणूस उद्या भेटला तर त्याला नजर चुकवावी लागणार नाही अशा रीतीने द्यायचे. असे दिले गेले, तर ‘खैरात’ हा शब्दही आपल्या भाषेत पुन्हा भल्याच्या अर्थाने वापरता येईल.